चाऱ्यासाठी न उठलेला ससा

अन्याय झाला तो गयाबाई मेश्राम यांच्यावर. एकोणीसशे एकोणऐंशी साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेदहा वाजता त्यांना हाडांच्या ओपीडीत आत बोलावलं आणि पावणेअकरा वाजायच्या आत बाहेर काढलं. मधल्या वेळात एका डॉक्टरांनी त्यांच्या केसपेपरवर पाच शब्द लिहिले: 'विशेष काही नाही. कामास योग्य.'

अन्याय करणारे तिघं. पहिले ते डॉक्टर. दुसरं ते मेडिकल कॉलेज, ज्याच्या आवारात ही ओपीडी होती आणि जिथे गयाबाई नोकरीला होत्या. कॉलेजचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारे 'हां, तिथलं होय' म्हणतात आणि आपापल्या दवाखान्याबद्दल निश्चिंत होतात. तिसरी मी. पत्रकांत दुसऱ्यांची नावं मी जाड अक्षरांत छापत आले, तेव्हा आता स्वतःला गाळायला मला तोंड नाही.

हे आज लिहायचं कारण फुलकोबीचा पाला. काल सकाळी जरीपटक्याच्या बाजारात गेले होते. कोबीवाल्यानं गड्डे सोलून पाला बाजूला टाकला होता, दंवानं ओला, कुणाच्या तरी चपलेनं चिरडलेला. तो हिरवा, किंचित उग्र वास नाकात गेला आणि मी तिथेच उभी राहिले. मागची बाई म्हणाली, "सरका ना वं ताई, भाव पाहून राहिल्या की झोपा काढून राहिल्या?" मी सरकले. पण पाल्याचा वास दिवसभर अंगाला चिकटून राहिला. बरोबर असाच पाला गयाबाई याच बाजारातून पोत्यात भरून न्यायच्या. सशांसाठी.

नागपूरच्या उन्हाळ्याचं कौतुक सगळे करतात, म्हणजे शिव्या देऊन कौतुक करतात. थंडीबद्दल कुणी बोलत नाही. ती मोठ्यानं येतही नाही. सकाळी जमिनीतून निघते. फरशीतून, सिमेंटमधून, तळपायातून वर चढते आणि घोट्यात, गुडघ्यात मुक्काम करते. दुपारी संत्र्याच्या गाडीपाशी उन्हात उभं राहिलं की वाटतं, थंडी नव्हतीच, आपणच उगाच कुरकुरत होतो. ज्यांना दुपारी उन्हात उभं राहायला मिळतं त्यांना तसं वाटतं. जे दिवसभर ओल्या फरशीवर उकिडवे बसतात त्यांना काय वाटतं, हे मी त्या हिवाळ्यापर्यंत विचारलंही नव्हतं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही पाच-सहा जण पत्रकं काढायचो. मधुकर म्हणून आमचा एक मित्र होता, त्याच्या काकांच्या शिकवणी वर्गात सायक्लोस्टाईल मशीन होतं. रविवारी वर्ग बंद असले की आम्ही तिथे जायचो. स्टेन्सिलवर टाईप करायचं, रोलरला शाई लावायची, दांडा फिरवायचा. बोटांना ती काळी शाई लागायची आणि बुधवारपर्यंत निघायची नाही. खरं सांगायचं तर आम्ही ती काढायचा फार प्रयत्नही करायचो नाही. शाई लागलेल्या बोटांनी वर्गात हात वर करण्यात एक ऐट होती. बसभाडं, वसतिगृहातलं पाणी, वाचनालयाच्या वेळा, जे अंगावर येईल त्यावर आम्ही लिहायचो. पत्रकाचा नियम मधुकरनं शिकवला होता: पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला, दुसऱ्या ओळीत कधी, शेवटच्या ओळीत काय पाहिजे. मधे जीव ओतायचा. तपास करायचा, असं त्या नियमात कुठेच नव्हतं.

डिसेंबरात आमचा प्राणिशास्त्राचा वर्ग मेडिकल कॉलेजचं अ‍ॅनिमल हाऊस पाहायला गेला. मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली, कौलारू लांबट इमारत. तिथले कामगार तिला ससेघर म्हणायचे. फिनाईल, ओलं गोणपाट, लेंड्या आणि कोबीचा पाला, असा वास. सरांनी सांगितलं की इथे डॉक्टर ठवकर म्हणून एक जण गुडघ्याच्या झिजेवर काम करतात. सशाच्या गुडघ्यातल्या गादीची एक कड कापून काढतात, टाके घालतात, आणि मग हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा महिनोन्‌महिने कशी झिजत जाते ते पाहतात. म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यात वीस वर्षांत होतं ते सशात एका हंगामात होतं. शेवटी ससा मारून गुडघ्याचे पातळ काप काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे.

वर्ग पुढे गेला, मी जाळीच्या खिडकीशी मागे राहिले. आत पंचेचाळिशीची एक बाई, पदर खोचलेला, हातात कोबीच्या पाल्याची जुडी. जमिनीवर गोणपाट, त्यावर एक ससा. बाईनं जुडी त्याच्या डोक्याच्या वर धरली. ससा मागच्या दोन पायांवर उभा राहिला, मान ताणली, पाल्याला तोंड लावलं. बाईनं जुडी आणखी वर नेली. भिंतीवर कोळशानं तीन आडव्या रेघा होत्या. बाई म्हणाली, "दुसरी." शेजारी पांढऱ्या कोटातला एक माणूस वहीत लिहीत होता आणि हसत होता.

पाच मिनिटं पाहिलं. त्या रविवारी अडीचशे प्रती काढल्या.

मथळा होता 'भुकेल्या सशांना नाचवणारं कॉलेज'. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे, कारण ते विसरता यावं म्हणून मी बरीच खटपट केली आहे: 'आधी गुडघा कापायचा आणि मग एक निर्दय बाई पाल्याचं आमिष दाखवून त्या मुक्या जिवाला दोन पायांवर नाचवते.' मधुकर म्हणाला, "निर्दय जरा जोरात टाईप कर. स्टेन्सिल फाटली तरी चालेल." मी जोरात टाईप केलं.

पत्रक चाललं. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. कुणी तरी कॉलेजला पत्र लिहिलं. आठ दिवसांत कॉलेजनं हालचाल केली, आणि कॉलेजं हालतात तशीच केली. सशाचा गुडघा कापणं चालू राहिलं. पाला दाखवणं बंद झालं. भिंतीवरच्या रेघांवर चुना फिरवला. आणि 'निर्दय बाई'ला चारा घालण्याच्या कामावरून काढून मागच्या शेडमध्ये पिंजऱ्यांचे ट्रे घासायला बसवलं. सकाळी आठ ते दुपारी एक, ओल्या सिमेंटवर, उकिडवं, हातात आखूड ब्रश.

आम्ही 'लढ्याला यश' म्हणून दुसरं पत्रक काढलं. तेही वाटलं.

ती दोन्ही पत्रकं घेऊन गयाबाई आमच्या कॉलेजच्या फाटकावर आल्या. पदराच्या टोकात त्यांची घडी होती. मी नेमकी तिथे पत्रकंच वाटत होते, तिसऱ्याच कशावर तरी.

"हे तू लिवलं काय वं?"

"हो."

"निर्दय म्हंजे मीच ना?"

मी हातातल्या गठ्ठ्याच्या कडा सारख्या करायला लागले.

"मले वाचता येते," त्या म्हणाल्या. "दीक्षेच्या साली शिकली. पोटात पहिला पोरगा होता तवा. हळू वाचते, पन वाचते. निर्दय शब्दापाशी जरा थांबा लागलं." मग माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहून म्हणाल्या, "ते ठेव बाजूले. चाल माह्यासंगं."

मी गेले. न जाण्याची सोय त्यांच्या आवाजात नव्हती.

शेडमध्ये त्यांनी एका पिंजऱ्याचं दार उघडलं आणि करड्या रंगाचा, एक कान मुडपलेला ससा बाहेर काढला. "हा वकील," त्या म्हणाल्या. "याचं तोंड बंदच होत नाही म्हनून वकील." खरंच त्याच्या तोंडाची चाळवाचाळव थांबत नव्हती. दुसरा एक पांढरा ससा त्यांनी शेजारी ठेवला. मग माझ्या हातात पाल्याची जुडी दिली. "धर. तुह्या गुडघ्याएवढी उंच. आन् आता पाह्य."

पांढरा लगेच उठला. पुढचे पाय छातीशी, मान वर, कचाकचा खायला लागला. वकिलानं नाक हलवलं. मान लांब केली. मागचा डावा पाय जरा आत घेतला, उजवा तसाच बाजूला सोडला. उठला नाही. पाल्याकडे पाहिलं आणि मग तोंड फिरवून पायाखालचं गोणपाट चाटायला लागला, जणू त्याला तेच हवं होतं.

"पाह्यलं?" गयाबाई म्हणाल्या. "भूक हाय. नाक पाह्य कसं चालून राह्यलं. पन उठत नाही. आन् तोंड कसं फिरवते, जसा काही पालाच आवडत नाही त्याले." त्यांनी जुडी माझ्या हातातून घेतली आणि खाली वकिलापुढे ठेवली. त्यानं ती दोन मिनिटांत संपवली.

"डॉक्टरसाहेब सूज मोजे. टेप लावून. वजन करे. मी म्हनलं, साहेब, टेपले काय समजते? ससा वरडत नाही. वरडला तर कुत्रं येते ना त्याले खायाले. तो दुखनं लपवते. तुमी त्याले हे इच्यारा, का बाबा, तू पाल्यासाठी उठते काय? तवापासून रेघा मारल्या. पह्यली, दुसरी, तिसरी. जो रोज तिसरीवर जाये तो येक दिवस पह्यलीवरच थांबला, तर समजाचं. मग त्या दिवशी त्याले खालीच पाला द्याचा. उपाशी कोनी ठेवला नाही." त्यांनी वकिलाच्या पाठीवरून हात फिरवला. "साहेब हासले म्हनून तू लिवलं. ते हासले काहून, मालूम हाय? ज्याले मांडीवर घेऊन टाके काढले होते तो पह्यल्यांदा दुसऱ्या रेघेवर उठला म्हनून."

मग त्या उठल्या. म्हणजे उठायला लागल्या. आधी एक हात पिंजऱ्याच्या कडेवर. मग सगळं अंग पुढे. मग दुसरा हात उलट्या बादलीवर. मधे एक क्षण तसंच, वाकलेलं, श्वास आत धरून. मग वर. चेहऱ्यावर काही नाही. उजवा पाय किंचित बाजूला सोडलेला.

मला पाच मिनिटांपूर्वी शिकवलं नसतं तर दिसलं नसतं.

"माह्याकडे काय तशी पाहून राह्यली?" त्या म्हणाल्या. "मी काय ससा हाय?"

त्या शेडमधला उजेड अजून डोळ्यांपुढे आहे. वरच्या फुटक्या कौलातून उन्हाची एक काठी खाली येत होती आणि ती जिथे पडायची तिथेच फरशी सुकलेली, वीतभर. बाकी सगळी ओली. गयाबाई ट्रे घासताना त्या वीतभर उन्हाकडे सरकत सरकत जायच्या. अकरा वाजता ऊन भिंतीवर चढायचं, मग त्या सरकायचं थांबायच्या. 'लढ्याला यश' यालाच म्हणत असावेत.

मागणी काय होती ते नीट ऐका, कारण लोक ऐकताना तिला मोठी करतात. गयाबाईंना रजा नको होती, बसून पगार नको होता. ट्रे घासायला कमरेएवढा एक ओटा आणि लांब दांड्याचा ब्रश. उभ्यानं काम करता यावं, इतकंच. अधीक्षक म्हणाले, "ओपीडीतून कागद आणा, गुडघे खराब आहेत म्हणून. मग पाहू." म्हणून तो सोमवार. गयाबाईंच्या शेजारणीनं सांगितलं होतं, आज संक्रांतीची कर आहे, आज कुठल्या कामाला हात घालू नका. गयाबाई म्हणाल्या, "आम्ही करबीर सोडली बाप्पा कवाचीच." आम्ही दोघी गेलो. आदल्या दिवशीच्या तिळाचा वास सगळ्या रांगेला येत होता. रांगेत पुढे कोराडीच्या वीजकेंद्राकडून पहिल्या बसनं आलेल्या दोघी होत्या, टाचांच्या भेगांत राख बसलेली. एकीनं दुसरीला विचारलं, "तुले काय होते वं?" ती म्हणाली, "काही नाही. बसलं का उठवत नाही." काही नाही, असं ती आधी म्हणाली. मी ते तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

डॉक्टर तरुण होते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. त्यांच्यापुढे कागदांचा ढीग होता आणि दाराबाहेर आमची रांग, हे मी मान्य करते. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "फारसं काही नाही यात." गयाबाईंना टेबलावर बसवून गुडघा वाकवला, सरळ केला. "दुखतं?"

"दुखते."

"चेहऱ्यावर तर काही दिसत नाही, मावशी."

"चेहरा कसाले दुखन साहेब? गुडघा दुखते."

डॉक्टरांना हसू आलं. मलाही आलं असतं एरवी. मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांना जमिनीवर बसायला सांगा आणि उठायला सांगा. ते पाहा." ते म्हणाले, "तुम्ही कोण?" मी काय सांगणार होते? मी म्हटलं, "मी यांच्याबरोबर आहे." ते म्हणाले, "मग बाहेर थांबा."

गयाबाई टेबलावरून उतरताना एकच म्हणाल्या. "साहेब, मागच्या ससेघरात या येकदा. तिथं मी दाखवते तुमाले, दुखनं कसं पाह्याचं." डॉक्टरांनी पाच शब्द लिहिले आणि पुढच्या बाईला हाक मारली.

ओपीडीच्या पायरीपासून ससेघराच्या दारापर्यंत मी त्या दिवशी पावलं मोजली. रागात मी मोजत सुटते. दोनशे बारा भरली, आणि गयाबाईंच्या चालीनं मोजली होती, म्हणजे कमीच असतील. ज्या ज्ञानासाठी एवढ्या सशांचे गुडघे कापले, ते ज्ञान दोनशे बारा पावलांवरच्या खोलीत पोचलं नव्हतं. तिथे न बोलणाऱ्या जनावराचं दुखणं ओळखायला भिंतीवर रेघा मारल्या होत्या. इथे बोलणारी बाई दुखतं म्हणून सांगत होती आणि तिचा चेहरा तपासला जात होता. आणि रेघा ज्या बाईनं मारल्या, बाई तीच होती.

मी तशीच डॉक्टर ठवकरांच्या खोलीत शिरले. त्यांनी मला ओळखलं. पत्रकावाली म्हणूनच ओळखलं. पन्नाशीचा, बारीक आवाजाचा माणूस. त्यांनी रागवावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी खुर्ची दिली.

"तुमच्या पत्रकानं माझं सगळ्यात उपयोगी मोजमाप बंद पडलं," ते म्हणाले. "रंगीत काप राहिले आहेत. ते मात्र कुणी बंद करणार नाही, कारण ते फोटोत चांगले दिसतात." त्यांनी दोन काचा पुढे सरकवल्या. मला डोळा लावायला सांगितलं. पहिलीत कूर्चेची कड कुरतडल्यासारखी, जागोजागी फाटलेली. दुसरीत जवळजवळ शाबूत. "पहिला ससा शेवटपर्यंत तिसऱ्या रेघेवर उठत होता," ते म्हणाले. "दुसरा महिनाभर पहिलीवरही उठला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे झीज एक गोष्ट आणि दुखणं दुसरी. कधी बरोबर चालतात, कधी नाही. काचेवर झीज दिसते. दुखणं फक्त गयाबाईंच्या रेघांवर दिसत होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुसरी काच वकिलाची आहे. पंधरा दिवसांपूर्वी घेतला त्याला."

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. तो करडा, कान मुडपलेला, सतत चघळणारा प्राणी आता एक गुलाबी-जांभळी पट्टी होता. मला ससे मारणं तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही झोप लागण्याइतकं मान्य नाही. त्यावर मी डॉक्टर ठवकरांशी तासभर भांडले आणि आमच्यापैकी कुणी जिंकलं नाही. पण एक गोष्ट मी त्यांच्याकडून कबूल करून घेतली. ज्या जिवाचा गुडघा कापून काही कळलं, ते कळलेलं वापरायचंच नसेल, तर तो निव्वळ खाटीकखाना झाला. मी म्हटलं, "मग वापरा. लिहून द्या गयाबाईंसाठी."

त्यांनी लगेच होकार दिला नाही. ते म्हणाले, "मी हाडांचा डॉक्टर म्हणून रुग्ण तपासत नाही. माझा कागद चालणार नाही." पण दुसऱ्या दिवशीपासून ते आठवडाभर रोज शेडमध्ये येऊन उभे राहिले, तीच वही घेऊन. गयाबाई म्हणायच्या, "या साहेब, आज मी कोन्त्या रेघेवर हाय?" आणि ते खरंच लिहायचे. आठवड्याच्या शेवटी त्यांनी कागद लिहून दिला; त्यात गुडघ्याचं माप नव्हतं, सुजेचं नव्हतं. गयाबाईंनी काय काय करायचं सोडलं होतं, ते होतं. जमिनीवर जेवायला बसणं सोडलं. बसची उंच पायरी नको म्हणून बाजारातून चालत येतात. विहार दूर नाही, पण पौर्णिमेला जाणं सोडलं, कारण वंदनेला खाली बसावं लागतं. विचारलं तर सांगतात, आता हौस नाही राहिली.

हौस नाही. मला वकिलाचं गोणपाट चाटणं आठवलं.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर आई ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती. आमच्याकडे ओट्यावरची चूल आली तेव्हा तिनंच हट्ट धरला होता आणि आम्ही सगळे तिला मॉडर्न म्हणून चिडवायचो. मी दारात उभी राहून तिचे पाय पाहिले. वजन सगळं डाव्यावर. मग मला रामटेक आठवलं. दरवर्षी आम्ही गडावर जायचो, आणि मी नववीत असल्यापासून आई वर यायची थांबली होती. पायऱ्यांच्या तोंडाशी बसायची आणि म्हणायची, "जा तुम्ही, मी चपला राखते." आम्ही धावत वर जायचो. खाली आलो की चपला ओळीत लावलेल्या असायच्या, आणि ती म्हणायची, मला काय, रामाचं दर्शन इथूनही होतं. इतकी वर्षं मी समजत होते की माझी आई भाविक नाही.

"आई, गुडघा दुखतो?"

"नाही गं," ती म्हणाली. तवा उतरवला. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

डॉक्टर ठवकरांचा कागद अधीक्षकांनी परत केला. विहित नमुन्यात नाही, असा शेरा होता. ओपीडीतल्या डॉक्टरांना आम्ही तो दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, हे सांगायला हवं. ते म्हणाले, "हे सगळं खरं असेल. पण केसपेपरवर हे लिहायला रकाना कुठे आहे?" आणि केसपेपर उलटसुलट करून त्यांनी आम्हाला दाखवला. रकाना नव्हताच. नाव, वय, तक्रार, तपासणी, एक्स-रे, औषध. एखाद्या बाईनं आयुष्यातून काय काय काढून टाकलं, ते लिहायला बोटभर जागा नव्हती.

ओटा झाला नाही. ब्रश आला नाही. चैत्रात उन्हं तापली तेव्हा गयाबाईंनी उकिडवं बसणं सोडलं, म्हणजे नोकरीच सोडली. रजिस्टरात नोंद आहे: 'स्वेच्छेने काम सोडले.' माझ्या आईनं रामटेकचा गड जितक्या स्वेच्छेनं सोडला तितक्याच.

मी या प्रकरणावरचं तिसरं पत्रक काढलं. या वेळी आधी गयाबाईंना वाचून दाखवलं, म्हणजे त्यांनीच हळूहळू वाचलं, बोट ठेवून. पहिल्या ओळीत त्यांचं नाव, दुसरीत तो सोमवार, आणि अन्याय करणाऱ्यांत माझं. त्या माझ्या नावापाशी थांबल्या. म्हणाल्या, "हे मोठ्या अक्षरात काहून नाही? माह्यं निर्दय तर मोठ्ठं लिवलं होतं." मधुकरनं नवी स्टेन्सिल काढली.

त्याला आता चार हिवाळे झाले. दर सोमवारी आम्ही त्या ओपीडीच्या पायऱ्यांपाशी असतो. गयाबाईंना एक लोखंडी स्टूल आहे, उंच, कारण बुटक्यावरून उठवत नाही. त्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांकडे पाहतात आणि मला हळूच सांगतात. "हे पाह्य, हिरव्या लुगड्यावाली. कठडा उजव्या हातानं धरते, उजवाच गेला हाय. इच्यार तिले." मी जाऊन विचारते. दुखतं का, असं विचारायचं नाही, हे त्यांनी मला पक्कं शिकवलं आहे. दुखतं का म्हटलं की बाई नाही म्हणते. विचारायचं, काय करायचं सोडलं? मग बाई पायरीवर थांबते. आधी म्हणते, काही नाही. मग सांगायला लागते. रामटेककडची एक जण म्हणाली, धानाची रोवणी सोडली, आता बांधावर बसून पोरं सांभाळते, लोक म्हणतात सुखी झाली. एक म्हणाली, माहेर सोडलं, तिथे माडीवर झोपावं लागतं. आम्ही केसपेपरच्या पाठीवर ते लिहून देतो. काही डॉक्टर कागद उलटतात, काही उलटत नाहीत. मागच्या महिन्यात एकानं उलटला, वाचला, आणि बाईला खुर्चीतून उठायला सांगितलं, आणि उठताना पाहिलं. तो तोच डॉक्टर होता, पाच शब्दांचा. बाहेर आल्यावर त्यानं आम्हा दोघींना नमस्कार केला. गयाबाईंनी घेतला. मी अजून घेतलेला नाही. रकाना छापून येईल त्या दिवशी घेईन.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही हे घरात बसून वाचत आहात आणि तुमच्याही घरात कुणी तरी चपला राखते. ती कोण, हे तुम्हाला माहीत आहे. उद्या सकाळी ती वरच्या फळीवरचा डबा काढायला जाईल किंवा काढायला जाणार नाही, आणि म्हणेल की त्यातलं तिला आवडत नाही. मदतीला धावण्याआधी एक मिनिट पाहा. मग तिच्यासमोर बसा, तिनं काय काय सोडलं ते विचारा, आणि ती सांगेल ते तिच्या केसपेपरच्या पाठीवर तुमच्या हातानं लिहा. सोमवारी साडेदहाला तिला घेऊन तुमच्या दवाखान्यात जा. डॉक्टर कागद उलटून ते मोठ्यानं वाचत नाहीत, तोवर खुर्चीवरून उठू नका.